कल्याणच्या पुढचा प्रवास : कसारा लोकलचे रोजचे अनुभव आणि सुचतील ते उपाय

आसनगावकर

नमस्कार मंडळी. लोकलवर चर्चा निघाली की ती बहुतेक वेळा कल्याणला येऊन थांबते. आमचा निम्मा प्रवास तिथून पुढे असतो. सीएसएमटी ते कल्याण साधारण ५४ किलोमीटर आणि कल्याण ते कसारा आणखी ६७. शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव, आटगाव, तानशेत, खर्डी, उंबरमाळी आणि कसारा. या पट्ट्यातल्या सगळ्यांनी आपले अनुभव आणि सुचतील त्या सुधारणा इथे लिहाव्यात म्हणून हा धागा काढतोय. आमच्या प्रवासी संघटनेला त्यातून एक निवेदन तयार करायचं आहे, त्यामुळे हातचं न राखता लिहा.

माझं म्हणणं आधी मांडतो. छपरं, सरकते जिने, इंडिकेटर हे सगळं हवंच. पण आमचं मूळ दुखणं मार्गिकांचं आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली आणि कुर्ल्यापासून कल्याणपर्यंत सहा मार्गिका सलग जुळल्या. कल्याण सोडलं की कसाऱ्याकडे दोन, कर्जतकडेही दोन. एक जायची, एक यायची. उत्तरेकडच्या मेल-एक्स्प्रेस, मालगाड्या आणि आमच्या लोकल सगळ्या त्याच दोनांवर. मागून मेल येत असेल तर लोकल बाजूला घेऊन ती पुढे काढतात. मधे कुठे मालगाडीचं इंजिन बंद पडलं तर मागची प्रत्येक गाडी जागच्या जागी उभी.

दुपारच्या वेळी दोन कसारा गाड्यांमध्ये तास-सव्वा तासाचं अंतर असतं. त्यामुळे दहा मिनिटांचा उशीर शहरात दहा मिनिटांचाच राहतो, इकडे त्यापायी कल्याणची जोडगाडी चुकते, गावाकडची शेवटची जीप चुकते आणि घरी पोचायला रात्र होते.

कल्याण-कसारा तिसरी मार्गिका मंजूर होऊन दशक उलटलं. भूसंपादनात अडखळत काम पुढे सरकतंय. मार्च २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एमयूटीपी-३ए ला (मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा एक टप्पा) मान्यता दिली, त्यात कल्याण ते आसनगाव चौथी मार्गिकाही आहे. कागदावर सगळं आहे. ते जमिनीवर कधी येणार हे विचारत राहणं आणि तोवर काय काय सुसह्य करता येईल ते ठामपणे मागणं, दोन्ही आपल्यालाच करावं लागेल.

वासिंदची लेक

धागा काढलात ते फार बरं केलंत दादा. मी मुलुंडला एका दवाखान्यात काम करते, पाळ्या बदलत्या असतात. त्यामुळे पहाटेची, भर गर्दीची आणि रात्री उशिराची, तिन्ही वेळची लोकल मला पाठ आहे.

सगळ्यात आधी जे कुणी मोठ्याने बोलत नाही ते लिहिते. लोकलमध्ये स्वच्छतागृह नसतं. अंधेरी-चर्चगेटसारख्या प्रवासाला ते चालून जातं. कसाऱ्याहून सीएसएमटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, आणि मधे गाडी उभी राहिली तर किती ते सांगता येत नाही. आमच्या डब्यातल्या कितीतरी बायका सकाळी घरातून निघताना पाणीच पीत नाहीत. लघवीचा संसर्ग, मूतखडा, डोकेदुखी हे मी दवाखान्यातही बघते आणि डब्यातही ऐकते. गरोदर बाई, मधुमेह असलेली बाई, पाळी चालू असलेली मुलगी, यांनी काय करायचं? गाडीत सोय होणार नसेल तर निदान प्रत्येक स्टेशनावरचं महिला स्वच्छतागृह पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत उघडं असावं. आत दिवा हवा, पाणी हवं आणि दाराला चालणारी कडी हवी. कुलूप असेल तर किल्ली कुणाकडे मिळेल ते दारावर लिहिलेलं असावं. यासाठी नवीन मार्गिका लागत नाही.

दुसरं, रात्रीचं. टिटवाळा गेलं की बायकांचे डबे रिकामे होत जातात. मग आम्ही उरलेल्या सगळ्या एकाच डब्यात येऊन बसतो. खडवलीला कुणी एकटी उतरणार असेल तर तिला घ्यायला कोण आलंय ते आधी विचारतो. रात्री डब्यात पोलिस असतात तेव्हा धीर येतो, पण ते शेवटच्या स्टेशनापर्यंत असावेत. रात्रीची सर्वात जास्त गरज शेवटच्या चार-पाच स्टेशनांना असते. नव्या मुलींसाठी एक सांगते, १३९ हा रेल्वेच्या मदतीचा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच साठवून ठेवा.

आणि हेही लिहायला हवं की या डब्याने मला खूप दिलंय. नवरात्रातले रंग, संक्रांतीचं वाण, कुणाचं डोहाळजेवण हे तर आहेच. पण आमच्यातल्या एकीने रोज खिडकीजवळच्या जागेवर बसून अभ्यास केला आणि ती सरकारी नोकरीला लागली. तिला ती जागा मिळावी म्हणून आम्ही बाकीच्या उभ्या राहायचो. ती अजून त्याच गाडीने येते.

बदलापूरकर

कर्जत फाट्यावरही हीच गत, फक्त गर्दी आणखी. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका झाली आणि अंबरनाथ-बदलापूरच्या मधलं चिखलोली स्टेशन उघडलं की थोडा श्वास घेता येईल अशी आशा आहे. पावसाळ्यात उल्हास नदी फुगली की आमच्या पोटात गोळा येतो. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती, हजारावर माणसं बाहेर काढावी लागली. गावातल्या लोकांनी तेव्हा केलेली धावपळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. तुमच्या धाग्याला पूर्ण पाठिंबा.

हिरवा बावटा

मी रेल्वेत गाड्या चालवण्याच्या बाजूला नोकरी केली, गार्ड म्हणून. आता त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ मध्ये नाव बदललं. निवृत्त झालोय, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. लोकल का थांबवतात, मेल पुढे का काढतात, यावर प्रवाशांचा राग मी फलाटावर उभं राहून ऐकला आहे. तो राग खरा असतो, पण कारण माहीत असलं तर मागणी नेमकी करता येते.

गोष्ट सुरू होते कसाऱ्याच्या वर. कसारा ते इगतपुरी हा थळ घाट, चढ १ ला ३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. रेल्वेसाठी हा फार खडा चढ आहे. म्हणून वर जाणाऱ्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना आणि मालगाड्यांना कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं जोडावी लागतात. जोडणं, ब्रेकची तपासणी, मग निघणं, यात वेळ जातो. तेवढा वेळ ती गाडी कसाऱ्याची एक लाइन अडवून बसते. मागून दुसरी आली तर तिला आधीच कुठेतरी धरावं लागतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राजधानीला पुढे-मागे दोन्हीकडे इंजिनं लावली, ती याच कारणाने. बँकरसाठी थांबण्याचा वेळ वाचतो. अशा गाड्या जितक्या वाढतील तितकी कसाऱ्याची कोंडी कमी होईल.

आता एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. घाटात तीन मार्गिका आहेत. अप, डाउन आणि मधली. तिकडे कर्जत-लोणावळा घाटातही तीनच आहेत. म्हणजे डोंगर फोडून, बोगदे काढून जिथे मार्गिका टाकायची तिथे तीन, आणि खाली कल्याणपर्यंतच्या सोप्या जमिनीवर दोन. आसनगावकर, तुमच्या निवेदनात हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घाला.

दुसरं कारण वेगाचं. लोकल पटकन वेग घेते पण दर स्टेशनाला थांबते. मेल थांबत नाही. मालगाडी दोघींपेक्षा सावकाश. तिघींचा वेग सारखा असता तर एकामागून एक भराभर सोडता आल्या असत्या. वेगळा असला की मधे मोकळी जागा ठेवावी लागते आणि तीच जागा एका जास्तीच्या लोकलची असते. जास्त लोकल सोडा ही मागणी योग्यच आहे, पण दोन मार्गिकांवर ती फार पुढे जात नाही.

तिसरं, कल्याण. नाशिककडची आणि पुण्याकडची वाहतूक तिथे एकत्र येते. एका बाजूची गाडी दुसऱ्या बाजूला न्यायची तर मधल्या मार्गिका ओलांडाव्या लागतात आणि तेवढा वेळ त्यांवरच्या गाड्या सिग्नलला. शहाडकडून येताना कल्याणच्या बाहेर तुमची लोकल उभी राहते ती बहुतेक वेळा यामुळे. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या करण्यासाठी यार्डाची फेररचना हाती घेतली आहे. ती पुरी झाली तर तिसऱ्या मार्गिकेइतकाच फरक पडेल असं माझं मत आहे.

आणि देखभाल. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांना वेळ द्यावाच लागतो. सहा मार्गिकांतली एक बंद केली तर पाच उरतात. दोनातली एक बंद केली तर काय उरतं ते तुम्ही रविवारच्या मेगाब्लॉकला अनुभवताच. रात्री तीन वाजता पावसात त्या वायरखाली काम करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याबद्दल कुणी वावगं लिहू नये एवढी विनंती.

खर्डीचा विद्यार्थी

काका, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद.

मी उल्हासनगरच्या कॉलेजात शिकतो. खर्डीहून कल्याण आणि तिथून गाडी बदलून. परीक्षेच्या दिवशी आम्ही दोन गाड्या आधी निघतो, म्हणजे घरातून अंधारात. आमच्या गावातल्या काही मुलींनी कॉलेज सोडलं त्यामागे फी नव्हती. संध्याकाळच्या गाडीचा भरवसा नव्हता.

माझी मागणी माहितीची आहे. गाडी अर्धा तास उशिरा येणार हे आधी कळलं तर माणूस फलाटावर बसून अभ्यास तरी करतो. इंडिकेटरवर वेळापत्रकातली वेळ दिसत राहते आणि घोषणा गाडी आल्यावर होते. आम्ही एम-इंडिकेटर अॅपवरच्या गप्पांमध्ये बघतो, कारण मागच्या स्टेशनावरची मुलं तिथे लिहितात की गाडी आता निघाली. यात्री अॅपवर गाडीची जागा दिसते, पण खर्डीच्या पुढे नेटवर्क जातं-येतं. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की पुढच्या स्टेशनावर आपोआप घोषणा व्हावी, एवढं तरी व्हावं.

भातसाकाठ

मी आटगावच्या बाजूचा. माझी आई रानभाजी घेऊन कल्याणला जाते. पहाटेची लोकल, मालडबा. जूनच्या सुरुवातीला शेवळं, मग कुर्डू, भारंगी, कर्टुली, त्याआधी उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं. आंब्याच्या दिवसांत टोपल्या इतक्या होतात की बसायला जागा नसते. त्या डब्यात आमच्या पाड्यावरच्या बायका, दूधवाले, मासळीवाल्या, पानांच्या जुड्या घेऊन निघालेले, सगळे असतात. खर्डी-आटगावची भाजी सकाळी कल्याण, डोंबिवली, ठाण्याच्या फुटपाथवर दिसते ती या डब्यातून गेलेली असते.

या धाग्यावर सगळे नोकरदार लिहितायत, म्हणून मी आईच्या वतीने लिहितो. तिला दोन गोष्टी हव्या आहेत. पहिली म्हणजे मालडबा फलाटावर नक्की कुठे येतो ते जमिनीवर मोठ्या अक्षरात आणि चित्राने रंगवलेलं असावं. गाडी थांबते अर्धा मिनिट. डोक्यावर टोपली घेऊन दोन डबे धावणं पन्नाशीच्या बाईला जमत नाही. ती पडली आहे. सुदैवाने फलाटावरच पडली. दुसरी म्हणजे पुलाला जिन्याबरोबर उतार असावा. आमच्याकडे वजन घेऊन जिने चढायचे नसतात म्हणून बायका रूळ ओलांडतात, आणि मुंबईच्या उपनगरी मार्गावर सगळ्यात जास्त माणसं रूळ ओलांडतानाच जिवाला मुकतात.

शहापूर तालुक्यातून तानसा, वैतरणा, भातसा असं सगळं पाणी मुंबईला जातं. आमच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. पाणी देणाऱ्या माणसांना निदान मुंबईच्या बाजारापर्यंत नीट पोचता यावं.

वासिंदची लेक

भातसाकाठ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा. मी बहुधा त्यांच्याकडूनच कर्टुली घेते. मालडब्याच्या खुणेची मागणी निवेदनात वर असावी असं मला वाटतं. तसंच बायकांच्या आणि दिव्यांगांच्या डब्यांच्या खुणाही.

आंबिवली स्टेशन

पुलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. त्यानंतर तीन ठिकाणी लष्कराने पूल बांधले. एल्फिन्स्टन रोड (आता प्रभादेवी), करी रोड आणि आमचं आंबिवली. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते उघडले. काही महिन्यांत पूल उभा राहताना मी रोज बघितला. तेव्हापासून पुलाला इतकी वर्षं का लागतात हा प्रश्न मला पडतो आणि मी तो प्रत्येक सभेत विचारतो.

आमच्याकडे मोहोन्याला एनआरसी कंपनी होती. ती चालू असताना सकाळी आंबिवलीला उतरणारे कामगारही खूप होते. २००९ मध्ये ती बंद पडली. आता सकाळी सगळे एकाच दिशेने, मुंबईकडे. पूर्वी गर्दी दोन्ही दिशांना वाटली जायची. शहापूर, भिवंडी, मुरबाडच्या बाजूला रोजगार आला तर रिकाम्या जाणाऱ्या गाड्यांना माणसं मिळतील. रेल्वेचा प्रश्न फक्त रेल्वेने सुटणार नाही.

डोंबिवली फास्ट

मी एक वेगळी मागणी ठेवतो. कसारा मार्गावर एसी लोकल वाढवा. इतक्या लांबच्या प्रवासाला तिची गरज सगळ्यात जास्त आहे. दार बंद असतं म्हणून माणूस पडत नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारातली माणसं खाली पडली आणि जिवाला मुकली. त्यातली एक गाडी कसाऱ्याकडे येणारी होती. त्या दिवसापासून माझ्या आईला मी घरी पोचेपर्यंत चैन पडत नाही.

आसनगावकर

मुंब्र्याचा विषय आमच्याकडे प्रत्येक घरात झाला. दार बंद हवं यावर दुमत नाही. पण कसारा मार्गावर साध्या गाडीच्या जागी एसी गाडी टाकली तर काय होईल ते बघा. शहरात साधी गाडी पाच मिनिटांनी पुन्हा येते. इथे पुढची साधी गाडी तासाने. मे २०२२ मध्ये एसीचं एकेरी भाडं निम्म्यावर आणलं ते चांगलंच झालं, तरी भाजीवाली, बिगारी, कॉलेजचा मुलगा यांना ते पेलत नाही. एसी गाडी जास्तीची म्हणून आली तर स्वागत, साधीच्या बदल्यात आली तर आमचा विरोध राहील.

हिरवा बावटा

यात मधली वाट आहे. मुंब्र्यानंतर साध्या गाड्यांनाही आपोआप बंद होणारी दारं बसवायची घोषणा झाली. दारांना हवा खेळण्यासाठी झडपा, छतावरून आत हवा सोडणारी यंत्रणा आणि एका डब्यातून दुसऱ्यात जाता येईल अशी जोडणी. हवा हा कळीचा मुद्दा आहे. २००७ पासून आलेल्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्यांना छतावरून हवा सोडायची सोय होती, त्यामुळे आतल्या माणसाला फरक जाणवला होता. दारं बंद करून हवा कमी पडली तर गर्दीत माणसं गुदमरतील. म्हणून या गाड्या पहिल्यांदा लांबच्या मार्गावर, म्हणजे कसारा-कर्जतला द्या अशी मागणी करा. सर्वात जास्त वेळ दारात उभं राहावं लागतं ते इकडच्याच माणसाला.

पंधरा डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट लांबवायचं कामही महत्त्वाचं. बारा डब्यांना तीन डबे जोडले की एकही नवीन मार्गिका न टाकता चौथा हिस्सा जागा वाढते. दोन मार्गिकांच्या पट्ट्यात तेवढाच वाव आहे.

वासिंदची लेक

डोंबिवली फास्ट, तुमच्या आईंची काळजी समजते. माझ्या घरीही मी गाडीत चढल्यावर एक आणि उतरल्यावर एक असा निरोप टाकायचा नियम आहे.

डोंबिवली फास्ट

आसनगावकर, पटलं. जास्तीची म्हणून, बदल्यात नव्हे. निवेदनात तसंच लिहा, सही माझीही घ्या.

घाटमाथा

मी नाशिकचा. पंचवटी एक्स्प्रेस चुकली की आम्ही जीपने घाट उतरतो आणि कसाऱ्याला लोकल पकडतो. परतताना उलट. रात्री कसाऱ्याच्या बाहेर जीपवाले दहावा माणूस मिळेपर्यंत निघत नाहीत आणि पावसाळ्यात घाटात धुकं असतं. लोकल इगतपुरीपर्यंत आली तर आमचे किती हाल वाचतील. हे शक्य आहे का?

हिरवा बावटा

नेहमीची लोकल घाटात नेता येत नाही. चढण्यापेक्षा उतरणं अवघड. १ ला ३७ च्या उतारावर गाडी ताब्यात ठेवायला आणि उभी राहिली तर जागेवर धरून ठेवायला वेगळी ब्रेक व्यवस्था लागते. त्यासाठी खास बांधणीची गाडी हवी. मेमूच्या, म्हणजे मध्यम अंतराच्या विजेवरच्या गाडीच्या धर्तीवर काही करता येईल, त्याची चर्चा जुनी आहे. पण ती गाडी आली तरी खाली कसारा-कल्याणमध्ये तिला जागा द्यायची कुठून? पुन्हा तिसऱ्या मार्गिकेपाशीच येतो आपण. तोवर कसाऱ्याला शेवटच्या लोकलला जोडून एसटीची एक गाडी मागा. ती मागणी लवकर पुरी होऊ शकते.

टिटवाळा पूर्व

अंगारकीला आमच्या स्टेशनावर काय होतं ते इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी जादा गाड्या सोडतात, पोलिस असतात, स्वयंसेवक रांगा लावतात आणि एवढी माणसं सुखरूप जातात-येतात. म्हणजे नियोजन केलं की होतं. तेच कसब रोजच्या संध्याकाळसाठी वापरता येईल. गाडी आल्यावर उतरणाऱ्यांना आधी वाट द्यायची एवढी शिस्त जरी दोन स्वयंसेवकांनी लावली तरी धक्काबुक्की निम्मी कमी होते. आमच्या मंडळाची मुलं यायला तयार आहेत.

आणखी एक. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये फलाटांना सलग क्रमांक दिले, मध्य रेल्वेचे ८ ते १४ झाले. तेव्हापासून गावाकडून येणारी माझी मावशी तिथे चुकलेली नाही. बारीकशी वाटणारी गोष्ट, पण म्हाताऱ्या माणसाला तिचा केवढा आधार. कल्याणलाही कसारा आणि कर्जतच्या गाड्यांसाठी दोन वेगळे रंग ठरवले, इंडिकेटरवर आणि फलाटावर तोच रंग दिसला, तर न वाचता येणाऱ्यालाही आपली गाडी कळेल.

आसनगावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. हिरवा बावटा काका, तुम्ही लिहिलेलं आम्ही संघटनेच्या बैठकीत वाचून दाखवणार आहोत, परवानगी गृहीत धरतो.

मसुद्यात मार्गिका आणि कल्याण यार्डाची कालमर्यादा पहिली मागतो. ती वरच्या पातळीवरची गोष्ट आहे, म्हणून ते पत्र खासदार आणि रेल्वे मंत्रालयाकडे स्वतंत्र जाईल. डब्यांच्या खुणा, स्वच्छतागृहं, घोषणा, पुलाला उतार, कल्याणचे रंग, हे स्थानिक पातळीवर होण्यासारखं आहे, त्याचं दुसरं पत्र विभागीय कार्यालयाला. एसटीचं तिसरं. एकाच पत्रात सगळं घातलं की उत्तर फक्त सोप्या मुद्द्याला येतं, असा संघटनेतल्या जुन्या मंडळींचा अनुभव आहे. टिटवाळा पूर्व, स्वयंसेवकांचं तुम्ही आणि मी भेटून ठरवू.

भातसाकाठ, सह्यांसाठी पाड्यावरच्या बायकांकडे मी येऊ का? त्यांना ऑनलाइन सही जमणार नाही आणि त्यांच्या सह्यांशिवाय हे पत्र पाठवायला माझं मन घेत नाही.

भातसाकाठ

या ना दादा. पण पाड्यावर दिवसा कुणी भेटणार नाही. पहाटेच्या गाडीला मालडब्यात या, सगळ्या तिथेच असतात. अंगठ्यासाठी शाईचं पॅड घेऊन या. काहींना सही येते, काहींना नाही. आईला आज वाचून दाखवलं. ती म्हणाली, डब्याच्या खुणेसाठी पिवळा रंग सांगा, अंधारात तोच दिसतो.

वासिंदची लेक

मी पण त्याच गाडीने येते, माझी पहाटेची पाळी आहे पुढच्या आठवड्यात. बायकांच्या डब्यातल्या सह्या मी घेते. आणि दादा, दुसऱ्या पत्रात स्वच्छतागृह चौथ्या-पाचव्या क्रमांकावर ढकलू नका. पहिल्या क्रमांकावर ठेवा.